पोटरीवरचे ठिपके

रोनोच्या दंडावर आता बेडकाला जागा उरली नव्हती.

खांद्यापासून कोपरापर्यंत नुसत्या चटक्यांच्या गोल खुणा. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या, काही तपकिरी, काही परवाच्या, अजून ओल्या. एरवी एवढे ठिपके अंगावर बाळगणारा माणूस आला की आमच्याकडे लोक सरकून त्याला बसायला जागा देतात. एवढा कांबो पचवलेला गडी शिकारीत कसलेला असणार, हे विचारावंही लागत नाही. रोनोला बघून मात्र बायका तोंडावर हात धरून हसायच्या. कारण अख्ख्या कोरड्या मोसमात या गड्याने घरी काय आणलं होतं, तर एक कासव. तेही म्हातारं, आणि तेही चालता चालता याच्याच पायात आलेलं.

रोनोला यूपा लागलं होतं. यूपा म्हणजे शिकाऱ्याच्या अंगाला चिकटणारी अवदसा. ती एकदा लागली की काडतूस ओलं निघतं, माकडांना अर्ध्या रानातून तुमचा वास येतो आणि तुमचीच कुत्री तुमच्यामागे यायला का-कू करतात. ओढ्यात कितीही आंघोळी करा, ती धुतली जात नाही. तिच्यावर औषध एकच, कांबो. ओढ्याकाठच्या उंच झाडांवर बसणारा मोठा हिरवा बेडूक. त्याच्या अंगावरचा पांढरा चीक काडीवर खरवडून घ्यायचा, वेलीच्या जळत्या टोकाने कातडीला बारीक चटके द्यायचे आणि त्या चटक्यांवर चीक लावायचा. मग पोटात जे असेल ते बाहेर पडतं, अवदसेसकट.

पण चीक कोणाच्याही हातून लावून घेत नाहीत. लावणाऱ्याच्या अंगात जे असतं ते चिकाबरोबर आत उतरतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून जो तो चांगल्या शिकाऱ्याचा हात शोधतो. आणि चांगला शिकारी कोण असं विचारलं की सगळ्या गावाची बोटं एकाच झोळीकडे वळायची. त्या टांगलेल्या झोळीत रोनोचा मेव्हणा वाश्मे पडलेला असायचा.

नशीब म्हणावं ते वाश्मेचं. गडी फळं गळणाऱ्या झाडाखाली जाऊन बसला, की त्याची जांभई पुरी व्हायच्या आत समोर रानडुक्कर. एकदा तर हरीणच त्याच्या दारावरून निघालं होतं, तेव्हा त्याने झोळीतून न उठता बायकोकडून बंदूक मागून घेतली आणि तिथूनच बार टाकला. हे तो स्वतःच सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे. मांस वाटणाऱ्या माणसाच्या गोष्टी लोक जरा जास्तच मन लावून ऐकतात.

“या दाजी,” रोनो दंड पुढे करून बसला की वाश्मे म्हणायचा. “जागा शोधायला दिवा लावावा लागेल आता.”

“लावा मेव्हणे, लवकर लावा.”

“घाई कसली? तुमची शिकार काय पळून जाणार आहे? ती तर कधीच पळाली.”

मग कुडात खोचून ठेवलेली गेल्या वर्षीची काडी तो काढायचा. नवा बेडूक आणायचा तर पहाटे उठा, ओढ्यावर जा, झाडावर चढा, एवढं कोणी सांगितलंय? वाळलेल्या चिकावर तो थुंकायचा, बोटाने कालवायचा आणि चटक्यांवर टिकलीसारखा चिकटवायचा. जुना असला तरी चीक तो चीकच. रोनोचं डोकं धडधडायचं, ओठ सुजायचे, भडाभडा उलट्या व्हायच्या. मग तो झोळीत जाऊन पडायचा आणि दुसऱ्या दिवशी रानात जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा. पुढे पुढे तर दुपार व्हायच्या आतच परत येऊ लागला.

घरजावई आमच्याकडे सगळेच असतात, त्यात लाज काही नाही. लग्न झालं की पोराने सासूच्या घरी यायचं, तिचा मळा तोडायचा, तिच्या दारात शिकार आणून टाकायची. पण दारात काही पडतच नसेल तर तो जावई कशाचा? रोनो मेव्हण्याने आणलेलं मांस खात होता. वोआ, त्याची बायको, त्याच्या पानावर सगळ्यात मऊ तुकडा वाढायची, आणि तोच तुकडा त्याच्या घशाखाली उतरत नसे.

अशात निरोप आला. रोनोचा थोरला भाऊ पेना वरच्या गावात राहायचा. आमच्या गावाला चिरून जाणारा जो डांबरी रस्ता आहे, त्यावरच्या बसच्या ड्रायव्हरने तो निरोप आणला. पेना मळ्याच्या सणाला येणार होता. सणाला आमच्याकडे दुसऱ्या गावची माणसं येतात, गातात, आंबील पितात, आणि प्रत्येक जावई आपली शिकार सगळ्यांसमोर सासूच्या दारात ठेवतो. पेनाने सांगून पाठवलं होतं की आमच्या घराची अब्रू त्या दारात किती दिवस उघडी पडू द्यायची? यंदा दार रिकामं दिसलं तर मी रोनोला घेऊन जाईन. झोळी बांधायला दोरी घेऊनच येतो.

वोआ मळ्यात कसावा उपटत होती. रोनोने तिला निरोप सांगितला.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “आधीच सांगून ठेवते. आईला सोडून मी कुठे जात नसते.”

“मी कुठे म्हणतोय चल म्हणून.”

“म्हणजे तू जाणार?”

वोआने हातातला कंद मातीसकट टोपलीत आपटला. ती रडत नव्हती, पण तिचं नाक लाल झालं होतं. हे दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं, रोनोला दिसलं. त्याचं या बाईवर जीव तोडून प्रेम होतं. यूपा लागल्यापासून त्याला जंगलाची भीती वाटली नव्हती, हसणाऱ्या बायकांचीही नाही. त्या लाल नाकाची मात्र वाटली. तिथून तो घरी आला आणि, काय सांगावं, झोळीत जाऊन पडला.

तो पडलेला असतानाच त्याची सासू आली. मेतो तिचं नाव. नात्याने ती रोनोच्या बापाची बहीण, म्हणून तो तिला आत्याच म्हणायचा. नवरा गेल्यापासून घर तिनेच ओढलं होतं. दिवसा या बाईचं अंग जमिनीला टेकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. जेवायचीसुद्धा उभ्याने, चालता चालता, एका हाताने कुत्र्याला हाकलत.

मेतोआत्याने जावयाकडे पाहिलं. सूर्य डोक्यावर होता. ती खांबापाशी गेली आणि झोळीची गाठ सोडून दिली.

रोनो धाडकन खाली आला.

“आत्या, कंबर मोडली माझी.”

“मोडू दे. तशीही ती वापरात नाही. कधीपासून झोपायला लागलास दिवसाचा?”

आवाज ऐकून शेजारच्या घरातून, त्याच्या सासुरवाडीतून, वाश्मे आला, त्याच्यामागे त्याची बायको, आणखी दोनचार जणं. फुकटची करमणूक कोण सोडतो?

“आई, यूपा लागलंय त्यांना,” वाश्मे म्हणाला. “त्यात माणूस मरगळतोच. उद्या आणखी चार ठिपके देतो.”

“तू गप बस. मी याला विचारतेय.” ती रोनोकडे वळली. “या घरात आलास तेव्हा उजाडायच्या आत कुऱ्हाड घेऊन निघायचास. तो पलीकडचा मळा तू एकट्याने तोडलास. तेव्हाही तुला कधी कधी शिकार मिळायची नाही, पण मिळाली नाही म्हणून तू काळोख पडायच्या आत परत येत नव्हतास. मग हे दुपारचं पडणं कुठून आलं?”

रोनोने कंबर चोळत विचार केला. आणि जसजसा तो विचार करत गेला तसतसा त्याचा चेहरा पडत गेला. एकदोनदा हात रिकामा गेला म्हणून तो वाश्मेकडे गेला होता. पहिले ठिपके. त्यानंतरच्या आठवड्यात तो पहिल्यांदा दुपारी आडवा झाला होता. मग आणखी ठिपके, आणखी झोप.

“आत्या,” तो हळूच म्हणाला, “वाश्मेच्या हातापासून.”

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. वाश्मे हसला नाही.

“म्हणजे काय? गावातला सगळ्यात मोठा शिकारी मी आहे.”

“आहेस की,” मेतोआत्या म्हणाली. “माझ्या पोटचा आहेस, मला नको सांगूस. नशीब घेऊन जन्मलास हे खरं. पण ते नशीब तुझ्या हातात नाही, ते तुझ्या झोळीला बांधलेलं आहे, ते काय कोणाला देणार तू? हातातून उतरतं ते अंगातलं. तुझ्या अंगात काय आहे ते सांगू? तुझ्या घरचं पाणी कोण भरतं? लाकूड कोण फोडतं? बेडूक शेवटचा कधी आणलास झाडावरून? या गरिबाला तू आळस टोचत होतास, वर्षाच्या जुन्या काडीने. आणि आम्ही सगळे तुझं मांस चघळत बघत होतो. मीसुद्धा.”

वाश्मेची बायको आढ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं होतं की तेवढ्यासाठी तरी रोनोला झोळीतून पुन्हा पडायला हरकत वाटली नसती.

“मग आता कोणाचा हात शोधायचा?” रोनोने विचारलं. “सण तर आला.”

“माझा,” मेतोआत्या म्हणाली.

आता मात्र सगळेच हसले. बाईने पुरुषाला कांबो लावू नये असा काही नियम नाही, पण बायका बायकांना लावतात, आणि पोटरीवर लावतात. आमच्या बायकांचा सगळा जोर पायात, ओझी वाहायची ती पायांवरच. पुरुषाचा ठिपका दंडावर नाहीतर छातीवर, चारचौघांत मिरवायला.

“दंडावर जागा नाही,” ती म्हणाली, “आणि असती तरी मी लावलं नसतं. मला येतं ते पोटरीवर.”

“मग दाजी, उद्यापासून बायकांसारखा कपाळाला पट्टा लावून टोपलीही उचला,” वाश्मे म्हणाला. त्याला सूड घ्यायला एवढी फट पुरली. “चांगले दिसाल.”

रोनो उठून मळ्यात गेला. वोआ अजून तिथेच होती. त्याने तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, “तू हसशील?”

“हसेन,” ती म्हणाली. “खूप हसेन. पण तुझ्या दादाच्या दोरीपेक्षा ते बरं.”

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी मेतोआत्याने त्याला हलवलं. “बेडूक तू आणायचा. ज्याला हवा त्याने आणायचा.”

ओढ्यावर धुकं होतं. रोनोने तोंडाभोवती हात धरले आणि कांबोचा आवाज काढला, घशातून खरखरत, मध्ये थांबून. उत्तर नाही. पुन्हा काढला. कित्येक दिवसांत त्याने हा आवाज काढला नव्हता, घसा विसरूनच गेला होता. एका ओंडक्याकडे बघून त्याला वाटलं, जरा टेकावं, उजाडल्यावर बघू. हा विचार आला आणि त्याचा त्यालाच राग आला. हा विचार माझा नाहीच, तो म्हणाला, हा मेव्हण्याचा आहे. तो उभाच राहिला आणि हाका मारत राहिला. शेवटी वरून, अगदी वरून, एका पाण्यावर झुकलेल्या झाडाच्या शेंड्यातून उत्तर आलं.

खालच्या फांदीवरच मुंग्यांनी त्याचं स्वागत केलं. शिव्या घालत, पाय झटकत तो वर पोचला. बेडूक पानावर बसला होता, हाताच्या तळव्याएवढा, हिरवागार, पोट पांढरं. पळाला नाही. कांबो कोणाला घाबरून पळत नाही. एकदा त्याला गिळायला गेलेला साप पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. त्याने रोनोकडे पाहिलं आणि एकेक पाय सावकाश उचलत तो त्याच्या मनगटावर चढून बसला.

अंगणात मेतोआत्याने चार खुंट्या मारून ठेवल्या होत्या. मऊ वाखाने तिने बेडकाचे चारही पाय बांधले, ताणले पण ओढले नाहीत. काडीने हळूच अंगावरून खरवडलं तसा चीक आला, दुधासारखा. पुरेसा झाल्यावर तिने गाठी सोडल्या.

“आता याला सोडून ये.”

“कुडापलीकडे सोडू?”

“जिथून आणलास तिथे. त्याच फांदीवर.”

“आत्या, मुंग्या आहेत तिथे.”

“मग त्यांना माझा नमस्कार सांग.”

रोनो पुन्हा गेला, पुन्हा चढला, मुंग्या पुन्हा चावल्या. त्याच फांदीवर, त्याच पानावर त्याने बेडूक ठेवला. “चुकलंमाकलं माफ कर,” तो म्हणाला, आणि हे त्याने मनापासून म्हटलं. उतरताना त्याच्या लक्षात आलं की वाश्मेच्या अंगणात बेडूक कधी दिसलाच नव्हता, माफी मागायला तरी समोर कोणी असावं लागतं.

मेतोआत्याने त्याला पोट टम्म फुगेस्तोवर आंबील पाजली. मग पाय पुढे करायला लावला आणि वेलीच्या जळत्या टोकाने पोटरीवर ओळीने चटके दिले, घोट्यापासून वर. जळलेली कातडी नखाने उडवली. कुडापलीकडून कोणी कोणी बघत होतं. रोनोचे कान तापले, अजून चीक लागलाही नव्हता तरी.

मग तिने तो लावला.

आधी मानेतून वाफ चढल्यासारखं झालं. मग छातीतलं काळीज कानात येऊन बसलं आणि तिथे ढोल बडवू लागलं. डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, ओठ सुजले, चेहरा फुगून बेडकासारखा झाला. कांबो घेतलेल्याचा चेहरा असाच होतो. वाश्मेच्या काडीने हे सगळं झालं होतं, पण हे त्याहून निराळं होतं. तेव्हा दारावर कोणी थापा मारत होतं, आता दारच उखडून टाकलं. पोटाच्या तळातून पिवळं, कडू, जन्मभराचं काहीतरी वर आलं. तो गुडघ्यांवर पडला आणि ओकत राहिला. वोआ कपाळ धरायला पुढे आली, पण आईने तिला थांबवलं.

“झालं,” रोनो कसाबसा म्हणाला.

“अजून आहे. काढ.”

“नाही राहिलं काही, आत्या.”

“माझ्या पोराचा आळस एवढ्यात संपेल? मला माहीत नाही होय? काढ.”

आणि खरंच आणखी होतं.

शेवटी अंग थंड पडत गेलं. तो ओढ्यात जाऊन बसला. डोक्यावरून पाणी गेलं आणि एकदम सगळं शांत झालं. इतकं शांत की पलीकडच्या काठावर किडा पान कुरतडतोय ते त्याला ऐकू आलं. घरी येऊन त्याने बंदूक घेतली. झोळी आत्याने पुन्हा टांगून ठेवली होती, बहुतेक मुद्दामच. रोनोचे पाय तिच्याजवळून गेले आणि थांबले नाहीत. थांबले नाहीत हे त्याला पाच पावलं पुढे गेल्यावर कळलं, आणि तो एकटाच हसला. आत्याची म्हातारी कुत्री, जी मोसमभर त्याच्याकडे पाठ करून झोपायची, ती उठली, आळस दिला आणि त्याच्यामागे चालू लागली.

रस्त्याच्या बाजूला शिकार नाही. ट्रकच्या आवाजाने जनावरं कधीच आत गेलीत. तो आत गेला. दुपारी ओल्या मातीत टॅपीरचा, आमच्या रानातल्या सगळ्यात मोठ्या जनावराचा, माग लागला, तीन बोटांचा, गाढवाच्या वजनाचा. माग ताडांच्या दलदलीत शिरत होता. इथे शहाणा माणूस परत फिरतो. कंबरभर चिखल, काटे आणि पुढे जनावर असेलच याची कोणी हमी दिलेली नाही. रोनो चिखलात उतरला. दलदल पार केली तेव्हा अंधारून आलं, तसा तो एका झाडाच्या मुळांत कुत्रीला कुशीत घेऊन पडला आणि उजाडताच पुन्हा चालू लागला. त्याला वाटत होतं की आपल्या पोटऱ्यांमध्ये दुसऱ्याच कोणाचे पाय आहेत, जुने, काटक, खवट पाय, ज्यांना बसायचं कसं ते ठाऊकच नाही. आत्याचे पाय.

खारट मातीच्या खड्ड्यापाशी टॅपीर उभा होता. मान खाली, माती चाटत. रोनोच्या कमरेला एकच काडतूस होतं. जवळ, आणखी जवळ, वारा तोंडावर घेत तो सरकत गेला. बार झाला आणि जनावर गुडघ्यांवर बसलं, मग कुशीवर कलंडलं. कुत्री भुंकली नाही, तिने फक्त रोनोच्या हाताला नाक लावलं.

एवढं जनावर एकट्याने आणता येत नाही. त्याने काळीज काढून पानांत गुंडाळलं आणि परतीच्या वाटेवर फांद्या मोडत निघाला.

गावात सणाची गर्दी जमली होती. वरच्या गावची माणसं आली होती, आंबिलीची मडकी उघडली होती आणि एकेक जावई आपापल्या सासूच्या दारात शिकार ठेवत होता. मेतोआत्याच्या दारात काही नव्हतं. पेना तिथेच बसला होता, मांडीवर नवी कोरी दोरी घेऊन. वोआ त्याला आंबील वाढत होती आणि वाढताना रानाच्या वाटेकडे बघत होती.

“आमचे दाजी कुठे झोपले असतील कोण जाणे,” वाश्मे सांगत होता. “पोटरीला बेडूक लावून घेतलाय हो. बायकांसारखा.”

“काय?” पेना म्हणाला. त्याची मान खाली गेली. “मग उरलंच काय?”

तेवढ्यात कुत्री आली. तिच्यामागून रोनो. कंबरेपर्यंत चिखल, अंगभर ओरखडे, चेहरा अजून थोडा सुजलेला. तो सरळ मेतोआत्यापुढे गेला आणि पानांची गुंडाळी तिच्या पायाशी ठेवून उघडली.

गाणी थांबली. त्या आकाराचं काळीज रानात एकाच जनावराचं असतं, आणि ते कोणाचं हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

“टॅपीर,” रोनो म्हणाला. “दलदलीपलीकडे, खारट मातीवर. वाटेवर फांद्या मोडून ठेवल्यात. उचलायला माणसं हवीत, भरपूर.”

मग जो गलका झाला तो काय सांगावा. दोन्ही गावचे गडी कोयते उचलून धावले. म्हाताऱ्या बायका, ज्या तोंडावर हात धरून हसायच्या, त्याच आता त्याच्या पोटरीवरचे ठिपके बघायला वाकू लागल्या आणि मेतोचा हात पकडून बघू लागल्या, जणू आज पहिल्यांदाच दिसत होता. पेना उठला. त्याने धाकट्या भावाच्या पायाकडे पाहिलं, चिखल वाळून पडला होता आणि त्याखाली घोट्यापासून वरपर्यंत ठिपक्यांची ओळ होती.

“आत्याने लावलं?” त्याने विचारलं.

“आत्याने लावलं,” रोनोने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. “पोटरीवर. बायकांसारखं.”

पेनाने मांडीवरची दोरी त्याच्या हातात दिली. “ही तुझी झोळी बांधायला आणली होती. टॅपीरच्या तंगड्या बांधायला घे.” आणि मग त्या आडमुठ्या माणसाने भावाला असं मिठीत घेतलं की दोघेही चिखलाने माखले.

वोआ म्हणाली होती तशी हसली. खूप हसली, आणि हसता हसता तिचं नाक लाल झालं. मेतोआत्या मात्र उभ्याउभ्याच काळजाचे तुकडे करत होती, एकेका घराला एकेक. पहिला तुकडा तिने कुत्रीला टाकला.

सण संपला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रोनो लाकूड फोडत होता तेव्हा अंगणात वाश्मे येऊन उभा राहिला. गडी ओळखू येत नव्हता. केसांत पालापाचोळा, गुडघा सोललेला, मानेवर मुंग्या चावल्याच्या गाठी. मनगटावर मोठा हिरवा बेडूक शांत बसला होता.

“कोणी आणला हा?” मेतोआत्याने दारातून विचारलं.

“मी आणलाय. स्वतः चढलो.”

“त्याच फांदीवर परत सोडावा लागेल.”

“ठाऊक आहे, आई.” वाश्मेने रोनोकडे पाहिलं. त्याला बोलायला जड जात होतं, जन्मात कधी त्याने कोणापुढे असा हात पसरला नव्हता. “दाजी, तुमचा हात द्या मला. टॅपीरसाठी नाही. शिकार मला मिळते. बायको बोलायची बंद झालीय.”

रोनोने कुऱ्हाड ठेवली. हात धुतले. खुंट्या ठोकल्या, बेडूक हळूच बांधला, चीक घेतला. बेडूक सोडून यायला त्याने मेव्हण्याला परत ओढ्यावर पाठवलं आणि तो येईपर्यंत वेलीचं टोक पेटवून ठेवलं. वाश्मे धापा टाकत येऊन समोर बसला.

“दंड का छाती?” रोनोने निखाऱ्यावर फुंकर मारत विचारलं. “तुम्हाला भरपूर जागा आहे, मेव्हणे.”

वाश्मेने इकडेतिकडे पाहिलं. कुडापलीकडे अर्धं गाव जमलं होतं. त्याने चड्डीचा पायचा वर सरकवला आणि पोटरी पुढे केली.